मोर्चातली माणसं आणि इंटरनेटवाली मंडळी एकत्र काम कसं करतात? (वनहक्क दावे, सुरगाणा)

सुरगाणा_वनहक्क

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा तालुक्यात शेतकरी-शेतमजुरांच्या संघटनेचं काम करतो. वनजमिनीचे दावे (कसत आलेल्या वनजमिनीवर हक्क मिळावा म्हणून वनहक्क कायद्याखाली केलेले अर्ज), रेशन, रोजगार हमीची अडकलेली मजुरी, हे रोजचंच. मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला लाँग मार्च गेला, त्यात मी चाललोय. दहावीच्या पोरांच्या परीक्षेला त्रास नको म्हणून सोमय्या मैदानावरून रातोरात आझाद मैदान गाठलं, तेव्हा वाटेत मुंबईकर पाणी, बिस्किटं, चपला घेऊन उभे होते. फुटलेल्या तळपायांचे फोटो मोबाइलवर फिरले होते, म्हणून त्यांना कळलं. त्यामुळे इंटरनेटचं मोल मला कुणी पटवून द्यायला नको.

सरकारनं तेव्हा वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं लिहून दिलं होतं. पुढे 2019 आणि 2023 ला पुन्हा निघावं लागलं. आजही ज्यानं दोन हेक्टर मागितलं त्याच्या हातात वीस गुंठ्यांचा कागद आहे. दावा फेटाळलेल्यांच्या कागदावर शेरा असतो, "उपग्रह नकाशात लागवड आढळत नाही". उतारावर नागली आणि वरई करणाऱ्या माणसाचं शेत वरून माळासारखं दिसतं, हे कुणाला सांगायचं?

आता मुद्द्यावर येतो. नाशिक-पुण्याकडची काही मुलंमुली आमच्याकडे यायला लागली आहेत. इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं, लोकांची खासगी माहिती सुरक्षित राहावी, यासाठी ती काम करतात. मनानं फार चांगली आहेत. पाड्यावर मुक्काम करतात, मिटिंगमध्ये मागे बसून ऐकून घेतात. पण तीन ठिकाणी अडतंय.

पहिलं म्हणजे त्यांनी ऑनलाइन अर्ज बनवला, "सुरगाण्याच्या आदिवासींना न्याय द्या". पुण्यामुंबईतून सह्या येतायत. आमच्या एका म्हाताऱ्या दावेदारानं विचारलं, हे कुणाच्या टेबलावर जाणार? कुणालाच नीट सांगता आलं नाही.

दुसरं, आमच्याकडे दाव्यांची एक शीट आहे. दावेदाराचं नाव, पाडा, कंपार्टमेंट नंबर, मागितलेलं क्षेत्र, मिळालेलं क्षेत्र, आधार, मोबाइल आणि शेवटी शेरा. ज्याच्याकडे लिंक आहे त्याला ती दिसते. मुलं म्हणतात आजच्या आज बंद करा. पाड्यावरचे कार्यकर्ते म्हणतात, हिच्यामुळे तर कुणाचा दावा कुठे अडलाय ते आम्हाला घरबसल्या कळतं. पूर्वी एका चौकशीसाठी तालुक्याला हेलपाटा पडायचा. दोन्ही बाजू मला पटतात.

तिसरा प्रश्न बावट्याचा. मुलांचं म्हणणं, आम्ही कुठल्याच पक्षाचे नाही, झेंड्याखाली उभं राहिलो तर आमच्या बाकीच्या कामावर शिक्का बसेल. आमच्या लोकांना हे लागलं. ज्या झेंड्यामागे बाप चालला तो लपवायचा का, असा सवाल आला.

अशा दोन प्रकारच्या माणसांनी मिळून काही केल्याचा कुणाचा अनुभव असेल तर सांगा. प्रांत कार्यालयावर धरणं धरायचं घाटतंय, त्याआधी ही घडी बसायला हवी.

तुळस_ठाणे

दादा, मी त्या दुसऱ्या बाजूची. 2015 मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची, म्हणजे कंपन्यांनी इंटरनेटवरच्या सगळ्या साइट-अ‍ॅपना सारखंच वागवावं यासाठीची, मोहीम झाली तेव्हा ऑफिस सुटल्यावर रात्री बसून काम करणाऱ्यांत मी होते. त्या वेळचं जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या म्हाताऱ्या दावेदाराचा प्रश्न अगदी नेमका आहे.

मोबाइल कंपन्यांना काही अ‍ॅपसाठी वेगळा दर लावायचा होता. डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून केलेल्या कॉलना जादा पैसे लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. मग मार्च 2015 च्या शेवटी ट्रायनं, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकानं, एक सल्लामसलतीचा कागद काढला. 118 पानं, किचकट इंग्रजी, त्यात 20 प्रश्न, उत्तरं द्यायची मुदत 24 एप्रिल. सामान्य माणूस तो उघडूनसुद्धा पाहणार नव्हता. कार्यकर्त्यांनी आधी काय केलं असेल, तर तो पूर्ण वाचला. मग एकेका प्रश्नाला उत्तर लिहून काढलं, साध्या भाषेत आणलं आणि वेबसाइटवर टाकलं. बटण दाबलं की उत्तरांसकट मेल तुमच्याच खात्यावर उघडायचा, हवा तो बदल करा आणि पाठवा. दहा लाखांवर मेल गेले.

सगळे त्या आकड्याबद्दल बोलतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की त्या मेलमध्ये ट्रायनं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. हे सिद्धही झालं. त्याच वर्षी डिसेंबरात वेगवेगळ्या डेटा-दरांवर ट्रायचा दुसरा कागद आला. तेव्हा फेसबुकनं आपल्या फ्री बेसिक्स योजनेच्या (ठरावीक वेबसाइटच फुकट देणाऱ्या) बाजूनं वापरकर्त्यांकडून लाखोंनी तयार संदेश पाठवून घेतले. ट्रायनं त्यांना कळवलं, आम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर यात नाही. 8 फेब्रुवारी 2016 ला असे भेदभावाचे दर लावायला बंदी करणारा नियम आला. पैसा आणि पोच दोन्ही त्यांच्याकडे होती, तरीही.

म्हणून त्या ऑनलाइन अर्जाबाबत मुलांना विचारा: हा कोणत्या अधिकाऱ्याकडे जाणार, त्याच्यापुढे सध्या कोणता निर्णय आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत? ट्रायला निर्णयाआधी लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, म्हणून तिथे मेलला वजन होतं. तुमच्या उपविभागीय समितीपुढे एकेका माणसाचा दावा असतो आणि तो पुराव्यावर ठरतो. पुण्यातल्या हजार सह्यांना त्या फाइलमध्ये जागाच नाही. मुलांनी तेवढाच वेळ एका पाड्याच्या फायली लावण्यात घातला तर किती फरक पडेल!

आणि मेल म्हणजे रामबाण उपाय नव्हे, हेही आपण आपल्या राज्यात पाहिलं. जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे 12 हजारांवर सूचना-हरकती गेल्या. शब्दांत काही बदल झाले, पण जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झालंच. रस्त्यावरची ताकद आणि सभागृहातली ताकद सोबत नसेल तर मेलबॉक्स भरूनही निर्णय हलत नाही. ती ताकद तुमच्याकडे आहे. शहरातल्या आमच्यासारख्यांकडे नाही, हे आमच्या मंडळींनी मनापासून मान्य करायला हवं.

झेंड्याबद्दल. 2015 ला राहुल गांधी लोकसभेत या विषयावर बोलले, बिजू जनता दलाच्या तथागत सत्पथींनी ट्रायला पत्र लिहिलं, आणि मोहिमेतले बरेच जण कुठल्याच पक्षाचे नव्हते. कुणी कुणाच्या मंचावर गेलं नाही, पण मागणी सगळ्यांची एकच होती. तुमच्याकडेही तसं करता येईल. मोर्चात बावटा असू दे, तो तुमचा आहे आणि मानाचा आहे. मुलांनी नकाशे आणि कागद ग्रामसभेला द्यावेत, ग्रामसभेच्या ठरावावर. ग्रामसभा कुठल्या पक्षाची नसते. ज्याला मोर्चात यायचंय तो येईल, ज्याला नाही तो घरी बसून फाइल पूर्ण करेल. मात्र आपण नाव लावणार नाही म्हणून झेंडा खाली ठेवा, असं सांगायचा हक्क पाहुण्यांना नाही.

अजून एक गोष्ट कळकळीनं सांगते. शीट, ग्रुप, फेसबुक पेज, ईमेल, सगळ्याचं अ‍ॅडमिनपद आणि पासवर्ड पाड्यावरच्या माणसांकडे ठेवा. शहरातली पोरं नोकरी बदलतात, लग्न होतात, परदेशी जातात. त्यात वाईट काही नाही. पण किल्ली त्यांच्यासोबत जायला नको. तालुक्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या तुमच्या दोन-तीन मुलींना शेजारी बसवून हे काम शिकवा, हीच मुलांपुढे पहिली अट ठेवा.

विडी_कामगार_सोलापूर

कॉम्रेड, लाल सलाम. वरच्या ताईंचं बरंचसं पटलं. माझे दोन शब्द त्या शीटबद्दल.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं 1994 पासून जनसुनवाया घेतल्या. कामाचे हजेरीपट मिळवायचे आणि भर गावात मोठ्यानं वाचायचे. ज्याचं नाव लागलंय तो उठून सांगायचा, मी त्या कामावर गेलोच नव्हतो. 1996 ला ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, "हमारा पैसा, हमारा हिसाब". त्या वाटेनं 2005 चा माहितीचा अधिकार आला. आणि त्याच संघटनेची माणसं पुढे संगणकवाल्यांबरोबर आणि सरकारी खात्यांबरोबर टेबलाला बसली. 2019 ला राजस्थानचं जनसूचना पोर्टल सुरू झालं, रेशनपासून पेन्शनपर्यंतची माहिती अर्ज न करता दिसायला लागली. जे भिंतीवर रंगवायचे तेच पडद्यावर आलं. तिथे काय दिसायला हवं ते गावातल्या माणसांनी सांगितलं, म्हणून ते कामाचं झालं.

त्यामुळे "शीट बंद करा" हे सरसकट मला मान्य नाही. उघडेपणा हीच गरिबाची ताकद आहे. कुठल्या गावाचे किती दावे, किती महिने कुणाच्या टेबलावर, मागितलं किती आणि दिलं किती, हे चावडीवर लावा, पेपरात द्या. तो सरकारचा हिशोब आहे. पण शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिता? आमच्याकडे मजुरांच्या तक्रारवहीत "मुकादमानं पैसे मागितले" अशा नोंदी असायच्या. तसं काही तुमच्या शीटमध्ये असेल आणि लिंक त्याच माणसाच्या हाती लागली, तर तक्रार करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी जंगलात लाकूडफाट्याला जायचंय. तिथे तिच्यासोबत ना तुम्ही असणार ना ती पुण्याची मुलं.

सरकारचा हिशोब उघडा ठेवा, माणसाची तक्रार आणि आधार झाका. दोन शीट करा.

आणि धरण्यात माइक दावेदाराच्या हातात द्या. व्हिडिओसाठी दुसऱ्यांदा बोलायला लावू नका.

वकील_छसंनगर

दोन्ही उत्तरं चांगली आहेत. मी कायद्याच्या अंगानं लिहितो, कारण मुलांची खरी मदत इथेच होईल.

उपग्रह नकाशात लागवड दिसत नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. वनहक्क नियमांत 2012 ला दुरुस्ती झाली. नियम 12-क मध्ये स्पष्ट आहे की उपग्रहचित्रं पुराव्याला जोड म्हणून वापरावीत, बाकीच्या पुराव्यांऐवजी नव्हे. 2013 ला गुजरात उच्च न्यायालयानंही याच दिशेनं निकाल दिला. तिथे गावकऱ्यांनी संस्थांच्या मदतीनं जीपीएसनं स्वतः प्लॉट मोजले होते. नियम 13 वाचा: दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लेखी जबाब हा पुरावा आहे. बांध, विहीर, जुनी घरं, हेही पुरावे आहेत. एकापेक्षा जास्त पुरावे पाहायला हवेत असंही नियम सांगतो. म्हणजे म्हाताऱ्याचा जबाब आणि 13 डिसेंबर 2005 च्या (त्या तारखेआधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं) आसपासचं उपग्रहचित्र, दोन्ही एकाच फाइलला लागलं की दावा बळकट होतो. पहिलं काम तुमच्या कार्यकर्त्यांचं, दुसरं या मुलांचं. एकट्यानं कुणालाच ते पूर्ण करता येणार नाही.

दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर दावेदाराला कारणांसह कळवावं लागतं, आणि अपिलाला 60 दिवस असतात. मुलांना सांगा, प्रत्येक फाइलला ही तारीख टाका आणि मुदत संपायच्या आधी पाड्यावर फोन जाईल अशी सोय करा. तारीख चुकल्यानं गेलेला दावा मी पाहिलेला आहे आणि तो परत उभा करणं फार जड जातं.

भीतीबद्दलही बोलायला हवं. 2021 ला शेतकरी आंदोलनात एका ऑनलाइन दस्तऐवजावरून (आंदोलनाच्या सूचनांचं "टूलकिट") बंगळुरूच्या दिशा रवीला अटक झाली. त्याच प्रकरणात मुंबईतल्या एका वकिलाला आणि बीडच्या एका अभियंत्याला अटकेपासून संरक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घ्यावी लागली. दिल्लीच्या न्यायालयानं दिशाला जामीन देताना म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढणं किंवा निरुपद्रवी टूलकिट संपादित करणं हा गुन्हा नाही. निकाल चांगला आहे, पण तो तुरुंगात दिवस काढल्यावर मिळाला. म्हणून धरण्याच्या तयारीचा जो कागद असेल तो असा लिहा, की उद्या प्रांतांनी वाचला तरी एक ओळ खोडावी लागू नये. वकिलाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात कागदावर असू द्या, नुसता मोबाइलमध्ये नको. आंदोलनाच्या काळात इंटरनेट बंद झालेलं मराठवाड्यात आम्ही पाहिलंय. असा बंदीचा आदेश जाहीर करावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2020 मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितलं आहे. आदेशाची प्रत मागणं हे या मुलांचं काम. ते त्यात पटाईत असतात.

एकत्र कामाचं एक उदाहरण देतो. 2012 ला पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. तेव्हापासून माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करता येणारं कलम 66-क (66A) गाजलं आणि 24 मार्च 2015 ला ते रद्द झालं. पण ठाण्याठाण्यांत त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवणं सुरूच राहिलं. ते उघड झालं, कारण डिजिटल हक्कवाल्यांनी चिकाटीनं खटल्यांच्या नोंदी तपासल्या. न्यायालयात गेली ती पीयूसीएल, आणीबाणीच्या काळात जन्मलेली नागरी हक्कांची संघटना. तिला साथ दिली इंटरनेट फ्रीडम फाउंडेशननं, जे ताईंनी सांगितलेल्या 2015 च्या मोहिमेतल्याच लोकांनी पुढे उभं केलं. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयानं हे गुन्हे काढून टाका असा आदेश दिला.

सोलापूरच्या दादांच्या दोन शीटच्या सल्ल्याला माझा दुजोरा. खासगीपणा आणि माहितीचा अधिकार ही एकमेकांविरुद्धची बाजू नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम 44(3) नं माहिती अधिकारातलं कलम 8(1)(ञ) बदलून "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं केलं, तेव्हा माहिती अधिकारवाले आणि डिजिटल हक्कवाले दोघंही त्याविरुद्ध उभे राहिले. तुमची मुलं आणि तुमचे कार्यकर्ते त्या बाबतीत एकाच बाजूचे आहेत. हे दोघांना एकत्र बसवून सांगा, निम्मी अढी तिथेच जाईल.

सुरगाणा_वनहक्क

सगळ्यांचे आभार. रविवारी हा धागा मिटिंगमध्ये मोठ्यानं वाचला. मुलं होती, पाड्यावरचे कार्यकर्ते होते.

शीट दोन केल्या. दादा, शेऱ्याच्या रकान्यात तुम्ही म्हणता तशाच नोंदी होत्या, नावासकट. त्या आता फक्त समितीच्या तिघांना दिसतील. गाववार हिशोबाची शीट उघडी आहे आणि तिचा कागद प्रत्येक ग्रामपंचायतीत लागेल. ऑनलाइन अर्ज मुलांनी स्वतःहून थांबवला. बावट्यावर अजून एकमत नाही, एक मुलगी मोर्चात चालणार म्हणाली, बाकीचे फाइलींवर बसणार. आमच्या लोकांना तेवढं चाललं.

आता नकाशाचं विचारतो. मुलांनी गूगल अर्थवर एक प्लॉट काढून दाखवला, पण चित्र पावसाळ्यातलं असल्यासारखं सगळं हिरवंच दिसतंय. शेत आणि रान वेगळं ओळखू येत नाही. काय करावं?

तुळस_ठाणे

कॉम्प्युटरवरच्या गूगल अर्थमध्ये जुन्या चित्रांसाठी घड्याळाचं चिन्ह असतं. त्यावरून सरकवत मागे जा आणि तारखा नीट बघा. पिकं निघाल्यानंतरचं, म्हणजे डिसेंबर ते मे मधलं चित्र शोधा. उघडी पडलेली जमीन आणि बांधाच्या रेषा तेव्हा उठून दिसतात, रानातली झाडं तशीच असतात. प्रत्येक ठिकाणचं 2005 च्या आधीचं स्वच्छ चित्र असेलच असं नाही. नसेल तर लगेच पुढच्या वर्षांचं घ्या. त्यात पक्के बांध दिसत असतील तर ते एका हंगामात पडलेले नाहीत, हे जबाबात म्हाताऱ्यांकडून लिहून घ्या. इस्रोच्या भुवन पोर्टलवरही एकदा पाहा.

चित्र साठवताना त्यावर तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसू द्या. मग प्रिंट घेऊन दावेदारासोबत शेतावर जा आणि बांधावर उभं राहून त्याच्याकडून खुणा करून घ्या: हा आंबा, ही विहीर, ही दगडांची ताल. ती खुणा केलेली प्रिंटच ग्रामसभेपुढे ठेवा. पहिली फाइल तयार झाली की नाव, आधार आणि गावाचा पत्ता लागेल असं सगळं झाकून इथे टाका, वकीलसाहेब बघतील.

वकील_छसंनगर

बघतो. जबाबावर जबाब देणाऱ्याचा अंगठा आणि तो घेतल्याची तारीख विसरू नका.